डोळे उघडा, सर

ज्याला पटेल त्याने वाचावं, नाही पटलं तर सोडून द्यावं. मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

आणि हो, हे रात्री घडलं नाही. भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

मी एका क्रिप्टो कंपनीत ग्राहकांच्या मदतीचा विभाग सांभाळते. उभाही मीच केला. माणसं निवडली, त्यांना बोलायला शिकवलं, नियम लिहिले. ऑफिस काचेच्या दुकानाच्या वर. दिवसभर खालून काच कापल्याचा किर्रर्र आवाज येतो. कुणाचा फोन हरवलेला असतो, कुणी पासवर्ड विसरलेलं असतं, तर कुणी भामट्याच्या नादी लागून खातं धुऊन बसलेलं असतं. आई शेजारणींना सांगते, "आमची लेक न दिसणाऱ्या पैशाच्या तक्रारी ऐकते."

खात्याबद्दल शंका आली की आम्ही मालकाला व्हिडिओवर बघतो. त्यासाठी कोपऱ्यात एक छोटी केबिन आहे. चेहरा उजेडाकडे करा. मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा. डोळे मिटून उघडा. आजची तारीख सांगा.

कुणी नुसता फोटो धरून फसवू नये, म्हणून एवढा खटाटोप.

समोर जिवंत माणूस आहे, एवढीच खात्री करायची असते.

त्या दुपारी जेवण उरकून मी केबिनमध्ये बसले आणि कॉल आला.

पडद्यावर साठीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ होते. पांढरा सदरा घातलेला. मागे बंद खिडकी, निळा पडदा. खात्यावरच्या फोटोतलाच चेहरा, फक्त गालफडं बसलेली.

"माझं खातं बंद करा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"करते सर. आधी ओळख पटवून घेऊ. ओळखपत्र दाखवता?"

त्यांनी रिकामाच हात वर केला. हाताच्या मागे सलाईनची पट्टी काढल्यासारखा पांढरा चौकोन होता...

मला वाटलं, आजारी असतील.

"मान डावीकडे वळवा."

त्यांनी वळवली.

आणि तशीच ठेवली.

"सर, झालं. आता समोर बघा."

मग ते समोर वळले. सांगितल्याशिवाय हा माणूस हलतच नव्हता. तेव्हाच माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्याकडून कसलाच आवाज येत नव्हता. पंखा नाही, रस्ता नाही, श्वाससुद्धा नाही. ते बोलत, तेवढाच आवाज. बाकी...

काही नाही.

"डोळे मिटा."

त्यांनी मिटले.

"उघडा."

डोळे मिटलेलेच.

"सर... डोळे उघडा."

पापण्या थरथरल्या. कुणी आतून जड दार ढकलावं तशा. मी तिसऱ्यांदा म्हणाले, जरा मोठ्यानेच. तेव्हा कुठे त्या सावकाश वर गेल्या. ते माझ्याकडे बघायला लागले. त्यानंतर पापणी एकदाही लवली नाही.

"आजची तारीख सांगा, सर."

"तारीख..." ते म्हणाले, "इथे कळत नाही."

शंका आली की आधी कुलूप, मग चौकशी. हा नियम मीच लिहिलेला. मी खात्याला कुलूप लावलं. "बंद केलंय सर. काळजी करू नका."

"ती बाहेरच्या खोलीत आहे," ते म्हणाले.

"कोण, सर?"

पडदा काळा झाला.

मी केबिनमधून बाहेर येते न येते तोच आमच्या टीममधली चष्मेवाली फोन घेऊन पुढ्यात उभी. "ताई, एक बाई भयंकर चिडल्यात. तुम्हीच बोला बाई."

"काय चालवलंय काय तुम्ही?" बाई कडाडल्या. "तुमचाच माणूस घरी येऊन बसलाय. सगळं होत आलं होतं, आणि मध्येच खातं बंद?"

"आमचा माणूस?"

"मग काय! माझ्या मिस्टरांच्या मोबाइलवर कोड येतोय, तो मी तुमच्या ह्या माणसाला सांगत होते. आता कोडच येईना."

त्यांनी खात्यावरचं नाव सांगितलं. तेच खातं होतं.

आम्ही कुणाच्याही घरी माणूस पाठवत नाही. कधीच नाही.

मी आवाज खाली आणला. "काकू, आता फक्त हो किंवा नाही म्हणा. तो माणूस समोरच आहे?"

"...हो."

"तो आमचा नाही. घाबरू नका, चेहऱ्यावर काही दाखवू नका. त्याला सांगा, शेजाऱ्यांची सही लागतेय, आणते. फोन चालू ठेवून बाहेर पडा."

त्या अगदी घरगुती आवाजात म्हणाल्या, "अहो, बसा हं तुम्ही. साक्षीदाराची सही हवीय म्हणे. आलेच."

चपलांचा आवाज. कडी. त्यांचा धापा टाकणारा श्वास. शेजारची बेल. मग एकदम पाच-सात माणसांचा कालवा...

शेजारी आत शिरेपर्यंत भामटा बॅग टाकून जिन्यावरून पसार झाला होता.

"वाचवलंत हो मला," बाई रडायला लागल्या.

"मी कसली? तुमच्या मिस्टरांनी वाचवलं. त्यांनीच तर आत्ता व्हिडिओवर खातं बंद करायला लावलं. आतल्या खोलीत आहेत ना ते? निळ्या पडद्याच्या?"

"ताई," त्या म्हणाल्या, "ते जाऊन महिना झाला. खातं माझ्या नावावर करून देतो म्हणूनच तर तो मेला आला होता. आणि त्या खोलीला कुलूप आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे."

संध्याकाळी मी आमच्या सुरक्षा प्रमुखाला रेकॉर्डिंग दाखवलं. त्याला आम्ही कर्नल म्हणतो. सैन्यात कधी गेला नाही, मिशांमुळे नाव पडलं. सुरुवातीला थट्टा करत होता.

रेकॉर्डिंगमध्ये निळा पडदा होता. खिडकी होती. खुर्ची होती.

खुर्चीत कुणी नव्हतं.

फक्त माझा आवाज. मान वळवा... डोळे मिटा... उघडा... सर, उघडा...

कर्नलने मुकाट्याने संगणक बंद केला. पुन्हा थट्टा केली नाही.

पुढे बाई रीतसर कागदपत्रं घेऊन आल्या. खातं त्यांच्या नावावर झालं. सगळं मार्गी लागल्यावर म्हणाल्या, "ते काय काय बोलले, सांगा ना."

मी सगळं सांगितलं. मान वळवल्याचं ऐकून त्या हसल्या. "जन्मभर माझं कधी एवढं ऐकलं नाही हो त्यांनी!"

मग मी डोळ्यांचं सांगितलं.

त्यांचं हसू मावळलं.

"डोळे मीच मिटले होते त्यांचे," त्या हळूच म्हणाल्या. "दवाखान्यात. ह्याच हातांनी."

त्यानंतर माझ्याकडे न बघताच त्या निघून गेल्या.

डोळे मिटून उघडण्याची पायरी मी आमच्या नियमांतून काढून टाकली. आता आम्ही नुसतं हसायला सांगतो.

परवा त्यांचा फोन आला. आवाज जागरणाने ओढलेला.

"ताई, मी ती खोली उघडली. आवरावी म्हटलं. पण आत पाच मिनिटं थांबवत नाही बघा. सारखं वाटतं... कुणीतरी टक लावून बघतंय. मी बोलून पाहिलं, विनवून पाहिलं. माझं ऐकत नाहीत."

मी केबिनचं दार ओढून घेतलं.

"तुमचं ऐकतात ते. एकदा घरी येऊन सांगाल का त्यांना... मिटा म्हणून?"

येते म्हणाले मी.

अजून गेलेले नाही.