तार जोडू नका

बाई खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती. दारातच उभी राहून म्हणाली, "माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी नेलंय. त्याच्या ऑफिसचे मोठे साहेब मेले. यानंच मारलं म्हणतात."

वहिनींनी हातातला पेला खाली ठेवला. "भाऊ काय म्हणतो?"

"मिनिटभर भेटू दिलं. स्वतःबद्दल एक अक्षर बोलला नाही. 'ताई, तार जोडू देऊ नकोस,' एवढंच दोनदा म्हणाला. कसली तार, मला काय ठाऊक? आईबाप गेल्यावर मीच वाढवलाय त्याला. झुरळ मारायचं तर मला हाक मारतो तो."

कोपऱ्यातल्या भाऊजींनी मान हलवली. आरोपीची बहीण झुरळाची गोष्ट सांगायचीच, असं त्यांना वाटलं.

ही डिटेक्टिव्ह फर्म मुळात भाऊजींच्या थोरल्या भावाची. तो गेला तेव्हा पाटी उतरणार असंच सगळे धरून चालले होते. पाटी राहिली आणि खुर्चीत वहिनी बसल्या. भाऊजी आधी भावाची बॅग उचलायचे, आता वहिनींची उचलत होते. बढती म्हणायची की नाही, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

"भाऊजी, बॅग घ्या," वहिनी म्हणाल्या. "आधी फोन लावा इन्स्पेक्टरना. त्या ऑफिसातल्या कुठल्याही तारेला कुणी हात लावायचा नाही."

कोठडीतला माणूस तिशीचा, काटकुळा. ऑफिसात त्याला सगळे तारवाला म्हणत. तिथलं कॉम्प्युटरचं जाळं तोच सांभाळायचा.

"आमचं ऑफिस इमारतींची मजबुती तपासतं," तो म्हणाला. "रस्त्याच्या अलीकडे मोठ्या साहेबांची खोली, पलीकडे ड्रॉइंगचा हॉल. मधे वरून एक तार. कॉम्प्युटर उघडताना नाव आणि पासवर्ड घालता ना, तो खरा की खोटा हे ठरवणारा एक सर्व्हर असतो. डोमेन कंट्रोलर. दारावरचा पहारेकरी समजा. आमच्याकडे एकच होता, साहेबांच्या बाजूला. तार तुटली की पलीकडच्यांना दार उघडायला कुणी नाही. सगळे हात बांधून बसायचे."

"बसायचे कसले, घरी जात असतील," वहिनी म्हणाल्या.

तो कसनुसा हसला. "तार गेली की अर्धी सुट्टी, ऑफिसचा रिवाजच तो. म्हणून मी वर्षभर साहेबांच्या मागे लागलो होतो. पहारेकरी दोन हवेत, आणि एकाच खोलीत ठेवायचे नाहीत. शेवटी त्यांनी होकार दिला. दुसरा मी पलीकडे बसवला. साहेब सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. आधी चाचणी घ्यायची होती, तार मुद्दाम काढून."

"आणि ती त्याच दुपारी घेतलीत."

"हो. गच्चीवरून ओरडून सांगितलं, 'तार काढतोय, उद्या सकाळी जोडीन.' पलीकडे टाळ्या पडल्या. मग साहेबांनी खाली बोलावलं. भडकले होते. आदल्या महिन्यात कॉम्प्युटरवरून त्यांच्या नावानं एका कामाला मंजुरी गेली होती, त्यांनी न देता. 'तुझं कुलूप काय कामाचं?' म्हणाले. मी म्हटलं, 'कुलूप ठीक आहे, तुमची किल्ली कुणाकडे तरी गेलीय. पासवर्ड बदला.' मला भिंतीकडे तोंड करायला लावून त्यांनी बदलला. मी परत गच्चीवर गेलो. संध्याकाळी साहेबांनी दिवा का लावला नाही म्हणून बघायला उतरलो, तर..."

त्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. भाऊजींना पहिल्यांदाच ते झुरळ खरं वाटलं.

"पण तार का जोडायची नाही?" वहिनींनी विचारलं.

"दोन्ही पहारेकरी तारेवरूनच एकमेकांशी बोलतात. साहेबांनी पासवर्ड बदलला तो इकडच्याला कळला. तिकडच्याला अजून कळलेला नाही. तार जोडली की कळेल, आणि त्या दुपारी दोघे वेगवेगळं मानत होते, हे कुणाच्या डोळ्यांना दिसणार नाही. मी इन्स्पेक्टरना सांगायला गेलो, ते म्हणाले, गोष्टी नकोत, कबुली दे."

साहेबांच्या खोलीत फरशी पुसलेली होती, तरी टेबलाखाली करड्या रंगाचा भुगा शिल्लक होता. कपाटात काँक्रीटचे चौकोनी ठोकळे रांगेनं मांडलेले. प्रत्येक इमारतीच्या कामातून काढलेला एकेक नमुना. एक जागा रिकामी होती.

"तोच डोक्यात घातला," इन्स्पेक्टर म्हणाले. "चार मजली इमारतीचा नमुना. खालच्या मजल्यावर लोक राहायलाही आलेत, वरचे सामान बांधून बसलेत. साहेब मंजुरी अडवून होते. पण मरायच्या आधी त्यांनी दिली. पलीकडच्या सर्व्हरवर तिची नोंद आहे, त्यांच्याच नावानं. त्यामुळे मंजुरीसाठी खून, हा मुद्दाच उरत नाही. उरला तारवाला. भांडण त्याचंच ऐकू आलं."

वहिनींनी खाली वाकून भुगा चिमटीत घेतला आणि चोळला. "भाऊजी, काँक्रीट डोक्यावर मारलं तर फुटतं काय?"

"डोकं," भाऊजी म्हणाले.

"इथे दोन्ही फुटलंय."

त्यांनी भुगा पाकिटात घातला. भाऊजींनी ते बॅगेत ठेवलं.

पलीकडच्या हॉलमध्ये आधी साहेबांचे धंद्यातले भागीदार भेटले. साठीचे गृहस्थ, कानामागे पेन्सिल, बोटांना शाई.

"ती तार जोडायची परवानगी द्या हो," ते आल्याआल्या म्हणाले. "काम खोळंबलंय. माणूस गेला तरी पोट थांबत नाही."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"तार गेली, सगळे निघाले, मीही निघालो. निघताना समोरून भांडण ऐकलं. पुढे अर्ध्या वाटेत कळलं की चष्मा टेबलावर राहिला. परत आलो तर साहेबांचा जावई एकटाच त्या छपाईच्या कॉम्प्युटरपाशी बसलेला. कामसू पोरगा."

"मंजुरी तुम्हालाही हवी होती म्हणे."

"हवी होती, मंजुरीशिवाय फी मिळत नाही. खोटं कशाला बोलू? पण मी हातानं लिहिणारा माणूस. ते यंत्र चालू कुठून करतात, हेही मला येत नाही. साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना मेल वाचून दाखवायला माणूस हवा होता. मला विचारलं, मी हात जोडले. मग घरातल्याच कुणी तरी वाचले."

साहेबांचा जावई त्याच हॉलमध्ये बसायचा. चाळिशीतला, नीटनेटका. डोळे सुजलेले होते.

"बाबा मला मुलासारखं मानायचे," तो म्हणाला. "त्या दिवशी मी सकाळपासून जागचा हललो नाही. चहालासुद्धा गेलो नाही. ड्रॉइंग छापायची होती."

"एकटेच? बाकीचे लवकर का गेले?"

"कोण जाणे. कामचुकार आहेत सगळे. बाबांचा धाक नसला की उंदरांचं राज्य."

"बाबांनी शेवटी मंजुरी दिली, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांना पटलं असेल." त्यानं डोळे पुसले. "त्या तारवाल्याला सोडू नका."

जिना उतरताना भाऊजी म्हणाले, "भागीदाराला तारेची फार घाई आहे. माझं मत भागीदार."

"तुमचं मत मला नेहमी उपयोगी पडतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "एक नाव कमी होतं."

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या कॉम्प्युटर तज्ज्ञानं दोन्ही सर्व्हर तपासले. त्या दुपारी साहेबांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी साहेबांचं नाव घालून आत शिरू पाहत होतं. पासवर्ड चुकीचा म्हणून इकडच्या पहारेकऱ्यानं लागोपाठ परत पाठवलं. थोड्या वेळानं, तार निघालेलीच असताना, पलीकडे छपाईच्या कॉम्प्युटरवरून तेच नाव आलं. तिकडच्यानं मुकाट्यानं आत घेतलं. मंजुरी तिथून गेली.

वहिनींनी सगळ्यांना ड्रॉइंगच्या हॉलमध्ये बोलावलं. भागीदार, जावई, साहेबांची मुलगी आणि इन्स्पेक्टर आले. शिपायांच्या मधे तारवाला, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर त्याची बहीण. भावाला शिवायची परवानगी नव्हती, म्हणून ती नुसती बघत होती.

"मंजुरी साहेबांनी दिली असं आपण धरून चाललो," वहिनींनी सुरुवात केली. "ती दिली जुन्या पासवर्डनं. साहेबांनी तर दुपारीच तो बदलला होता. तासाभरापूर्वी स्वतःच घातलेला पासवर्ड त्यांच्याच खोलीत लागोपाठ चुकेल कसा? आणि आपली खोली सोडून ते रस्ता ओलांडून इथे कशाला येतील? ती मंजुरी साहेबांची नाही. तेव्हा ते जिवंतही नव्हते."

"म्हणजे तारवाल्यानंच दिली," जावई म्हणाला. "सगळी कुलपं त्याच्याच हातात."

"म्हणूनच तो नव्हे. त्याच्याकडे अख्ख्या वाड्याच्या मालकाची किल्ली आहे, तो चोरकिल्ली कशाला वापरेल? शिवाय पासवर्ड बदलला हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, साहेबांना आणि त्याला. जो आधी तिकडे जुना पासवर्ड घालून बघतो, त्याला ही गोष्ट माहीत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, इन्स्पेक्टरसाहेब."

इन्स्पेक्टर खाली बघू लागले.

"आता दुसरी गोष्ट. तार निघाली की इथले कॉम्प्युटर उघडत नाहीत, हे या हॉलमधलं लहान पोर सांगेल. नवा पहारेकरी बसवलाय हे कुणालाच माहीत नव्हतं. मग तार काढल्यावर इथल्या कॉम्प्युटरला हात लावेल कोण?"

वहिनींनी छपाईच्या कॉम्प्युटरवर बोट टेकवलं.

"ज्याला तार काढलीय हेच ठाऊक नाही, तो. गच्चीवरून आरोळी झाली तेव्हा जो इथे नव्हता, तो." त्या जावयाकडे वळल्या. "तुम्ही सकाळपासून जागचे हलला नाहीत. आरोळी झाली, टाळ्या पडल्या, अख्खा हॉल रिकामा झाला. आणि सगळे का गेले, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, कोण जाणे."

जावयाचा चेहरा पांढरा पडला. "मी... कामात होतो. लक्ष नव्हतं."

"तुम्ही बाहेरून आलात, ते थेट साहेबांच्या खोलीत. आदल्या महिन्यातली खोटी मंजुरी त्यांच्या लक्षात आली होती. ती तुमचीच, बांधणाऱ्याचे पैसे घेतले असतील. आता या इमारतीचीही पाळी होती. त्यांनी ठोकळा दाखवला असेल, हे काँक्रीट नाही, माती आहे म्हणून. तुम्ही तोच उचललात. मग त्यांच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड घातला, तो चालेना. घाईत बोट चुकतंय असं वाटलं असेल. इथे आलात आणि चालला. खरं तर त्या दुपारी चालायला नको होता. तार काढायची चाचणी होती, म्हणून चालला."

"पासवर्ड मला ठाऊक होता हे कशावरून?" त्याचा आवाज चढला. "कशावरून?"

आतापर्यंत खाली मान घालून बसलेली साहेबांची मुलगी बोलली. आवाज इतका हळू होता की भाऊजी पुढे वाकले.

"ऑपरेशनच्या वेळी बाबा पासवर्ड कुणाला द्यायला तयार नव्हते. मीच म्हटलं, बाबा, यांना द्या. घरातलं माणूस आहे." ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "मी हट्ट केला. बाबा म्हणाले, तुझ्यासाठी देतो."

जावई उठला नाही, ओरडला नाही. नुसता टेबलावर हात ठेवून बसून राहिला आणि शिपाई त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. त्या मुलीला काहीतरी म्हणावं असं भाऊजींना फार वाटलं. एका दुपारी बाप गेला, एका दुपारी नवरा. त्यांनी पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवला.

तारवाल्याचे हात सुटले तशी बहिणीनं त्याला आधी एक धपाटा घातला आणि मग गळ्यात पडून रडली.

वहिनींनी ते भुग्याचं पाकीट भागीदारांसमोर ठेवलं. "तुम्हाला मंजुरी हवी होती त्या इमारतीची ही मजबुती. माणसाच्या डोक्यावर भुगा झाला तिचा."

भागीदारांनी पाकीट उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. त्याच संध्याकाळी त्या चार मजली इमारतीतले लोक गाद्या आणि भांडी घेऊन रस्त्यावर आले. मोठ्या साहेबांच्या नावानं त्यांनी बोटं मोडली. त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

सकाळी इन्स्पेक्टरांनी परवानगी दिली आणि तारवाला गच्चीवर चढला. खाली बहीण शिडी धरून उभी, ती काही केल्या सोडायला तयार नव्हती. तार जोडली गेली. भाऊजींना वाटलं काहीतरी आवाज होईल, पण काहीच झालं नाही.

"बोलले का दोघे?" त्यांनी विचारलं.

"बोलले." तारवाला साहेबांच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरपाशी बसला. "तिकडच्याला आत्ता कळलं, साहेबांनी पासवर्ड बदलला ते."

"उशीरच झाला म्हणायचा."

तारवाल्यानं यादी उघडली. पडद्यावर ऑफिसातल्या सगळ्यांची नावं होती आणि मोठ्या साहेबांचं सर्वांत वर. ते कायमचं बंद करायचं होतं. एकदा सांगितलं की दोन्ही पहारेकऱ्यांना कळणार होतं, की हा माणूस आता येणार नाही.

त्याचं बोट बराच वेळ तसंच वर राहिलं. मग दाराशी उभ्या वहिनींना तो म्हणाला, "चहा घेऊन येतो. मग करतो."