कॉलर सोडा, मॅडम

पुष्करची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याची कॉलर माझ्या मुठीत होती.

साल सत्त्याण्णव. दिल्लीच्या द्वारकेत आमच्या शाळेभोवतीच्या सोसायट्या अजून बांधून व्हायच्या होत्या आणि मैदानावर दिवसाआड मारामारी ठरलेली. मी खेळाची शिक्षिका, त्यामुळे सोडवायला हाक मलाच. त्या दिवशी धुळीत दोन पांढरे शर्ट लोळताना दिसले. दोन्ही हातांनी दोघांना वर ओढलं आणि ओरडले, "मेल्यांनो! चलो, प्रिन्सिपल के पास!"

"कॉलर सोडा, मॅडम," उजव्या हातातला म्हणाला... चक्क मराठीत. "मी फिजिक्सचा नवा सर. भांडण सोडवायला आलो होतो."

"लोळून?"

"मधे पडलो, तर त्यांनी खरंच पाडलं."

दुसरा खरा भिडू केव्हाच पसार झाला होता. मी चेहरा कडक ठेवला. मनात मात्र पोट धरून हसले.

तेव्हापासून कुठे आरडाओरडा झाला की आम्ही दोघंही धावायचो. एकाला तो धरायचा, एकाला मी.

"उत्तरा मॅडम, तुमची फार दादागिरी आहे हं."

"घाबरता?"

"बिल्कुल!" तो म्हणायचा, आणि मारामारी नसलेल्या दिवशीही मैदानाकडे चक्कर मारायचा. त्याची वाट पाहायची मला सवयच लागली.

जानेवारीत पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीचं त्याला बोलावणं आलं. शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

"काय करू?" त्याने विचारलं.

आणि जिला अख्खी शाळा टरकून असते ती मी म्हणाले, "चांगली संधी आहे... जा की."

घरी येऊन स्वतःला शंभर शिव्या घातल्या. तो गेला, तर मला या शाळेत पाऊल टाकवणार नव्हतं.

शुक्रवारी थंडीतला पाऊस भुरभुरत होता. व्हरांड्यात बारावीच्या दोघांची जुंपली. एकाला त्याने धरलं, एकाला मी.

"दोस्त है ना तेरा?" मी माझ्या हातातल्याला दरडावलं. "जो दिल में है, सीधा बोल!"

बोलले, आणि माझं मलाच लागलं. समोर पुष्कर... चष्म्यावर पावसाचे थेंब, नजर माझ्यावर.

"मी परवा खोटं बोलले," मी म्हटलं. मुलांना मराठी कळत नव्हती; कळली असती तरी मी थांबले नसते. "जाऊ नकोस, पुष्कर. मला तू आवडतोस." पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं. "आणि गेलासच, तर मी मागोमाग येईन. पुण्यातही पोरं मारामारी करतातच!"

त्याने हातातल्या पोराची कॉलर सोडली.

"मॅडम... हम जाएँ?" एकाने हळूच विचारलं.

"जाओ!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

व्हरांडा रिकामा झाला. तो दोन पावलं जवळ आला.

"मग वाचली म्हणायची पुण्यातली पोरं," तो म्हणाला. "मी कुठेही जात नाहीये, उत्तरा."