दुसरी रेषा

आमच्या क्लबची खोली वाचनालयाच्या वर होती. रविवारी सकाळी आम्ही चार-सहा जण तिथे जमायचो आणि घरून जेवायला बोलावणारे फोन येईपर्यंत हलायचो नाही. टेबलावर उघडे पडलेले रेडिओ, कुणीतरी टाकून दिलेले संगणक, वायरींची भेंडोळी आणि हमखास गार झालेला चहा. मी एका कंपनीत प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करते. आठवडाभर पोटासाठी चुका शोधायच्या आणि रविवारी हौसेने नव्या चुका करायच्या, असं वायरमन मला चिडवायचा. तो खरोखरच वायरमन होता. अर्ध्या गावाच्या भिंतींत त्याने ओढलेल्या तारा होत्या.

आमच्यात सगळ्यांत थोरले रेडिओकाका. नोकरीभर त्यांनी रेडिओ केंद्रातली यंत्रं सांभाळली होती. मूलबाळ नव्हतं. घरी ते आणि काकू. काकूंची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली होती आणि आता घरीच ठेवा, असं दवाखान्यातून सांगितलं होतं.

“मी स्वयंपाकघरात असलो की मला तिचा श्वास ऐकू येत नाही,” काका एका रविवारी म्हणाले. “हातातलं टाकून सारखा बघायला धावतो. त्याने तीही वैतागते. काही करता येईल का?”

आम्ही सगळेच कामाला लागलो. पलंगाच्या वर छताला काडेपेटीएवढा रडार बसवला. तो अंगाला न लागता छातीची हालचाल टिपतो. तारा वायरमनने ओढल्या, प्रोग्रॅम मी लिहिला. ओट्याशेजारी एक छोटा पडदा लावला. त्यावर काकूंचा श्वास हिरव्या रेषेत वर चढायचा, खाली उतरायचा. काका जवळ जाऊन बसले की त्यांची वेगळी रेषा उमटायची. खोलीत जेवढी माणसं, तेवढ्या रेषा.

पहिल्या दिवशी काकांनी पडद्याकडे बघत निवांतपणे भांडी घासली. आमच्या क्लबच्या रिवाजाप्रमाणे मी सगळी आकृती आणि प्रोग्रॅम इंटरनेटवर टाकून दिला. ज्याला गरज असेल त्याने फुकट घ्यावा.

काही दिवसांनी काका क्लबात येऊन माझ्या शेजारी बसले.

“तुझ्या यंत्राचं काहीतरी बिघडलंय. मी बाहेर असतानाही दोन दाखवतं.”

“काकूंनी माहेरचं कुणी बोलावलं असेल,” वायरमन म्हणाला. काकाही हसले.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. वरच्या रेषेखाली खरोखरच दुसरी होती. फिकट, वेडीवाकडी. पंखा बंद केला, पडदे काढले, भिंतीतल्या नळाचं पाणी तोडलं. पलीकडे शेजारी झोपत असतील म्हणून त्या भिंतीला पत्रा लावून बघितला. रडार बदलला. रेषा तशीच. मग सगळं सामान क्लबात नेऊन तपासलं. तिथे ते अचूक चाललं. आम्ही बाहेर आलो की पडदा कोरा व्हायचा. परत काकूंच्या खोलीत लावलं, की दोन.

मी प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून काढला. इतरांनीही वाचला. त्यात चूक लपायला कुठे जागाच नव्हती.

एका दुपारी काका औषधं आणायला गेले आणि मी काकूंपाशी बसले. खिडकीतून ऊन थेट पलंगावर पडलं होतं. खोलीला औषधाचा आणि धुतलेल्या चादरींचा वास होता. काकू एकेक वाक्य तोडून बोलायच्या.

“पडद्यावर किती दिसतात गं आत्ता?”

“दोन. तुमची आणि माझी.”

मी बसले होते तिथून उघड्या दारातून ओट्याशेजारचा पडदा दिसत होता. तीन होत्या.

“खोटं बोलता येत नाही तुला,” त्या म्हणाल्या. “पायथ्याशी असतं ते.”

पायथ्याशी घडी घातलेलं पांघरूण होतं. बाकी काही नव्हतं.

“कोण असतं, काकू?”

“कोण म्हणावं असं नाही. माणूस असता तर त्याला सवय असती. याला येतच नव्हतं. आधी श्वास नुसता आत घ्यायचं. सोडायचंच नाही. ऐकून मलाच गुदमरायला व्हायचं.” त्यांनी दम खाल्ला. “आता येतंय. माझं बघून शिकलंय.”

“भीती वाटते?”

“आधी वाटायची. आता नुसतं दमायला होतं.”

काका परतल्यावर मी स्वयंपाकघरात बसून सुरुवातीपासूनच्या साठवलेल्या रेषा काढल्या. पहिल्या दिवसांतली दुसरी रेषा वर चढून तिथेच थांबत होती, मग अचानक कोसळत होती. पुढे ती वळणावर आली. काकूंचा श्वास सोडताना मध्येच अडखळायचा, पायरी चुकल्यासारखा. दुसरी रेषाही तिथेच अडखळायला लागली होती, किंचित मागून. आणि जसजशी वरची रेषा आखूड होत गेली, तसतशी खालची भरत गेली होती.

मी काकांना दाखवलं. ते स्टूल घेऊन आत गेले आणि रडार काढून घेऊन आले.

त्याने काही फरक पडला नाही. काकू खंगतच गेल्या. शेवटी त्यांनीच यंत्र परत लावायला सांगितलं.

“ते जातंय थोडंच? निदान तुम्हाला दिसू तरी दे.”

काकू गेल्या त्या सकाळी मी आणि वायरमन त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. काका आत त्यांचा हात धरून बसले होते. पडद्यावरची वरची रेषा हलकेच उतरली आणि परत चढली नाही. सरळ झाली. तिच्याखाली काकांची रेषा थरथरत होती.

त्याच्याही खाली तिसरी, संथ, भरदार. श्वास सोडताना मध्येच अडखळणारी.

वायरमनने बटणाकडे हात नेला. काका दारात येऊन उभे होते.

“राहू दे,” ते म्हणाले.

त्यानंतर काका क्लबात आले नाहीत. मी त्यांच्याकडे जायचे. पडदा त्यांनी ओट्यावरून काढून पलंगाशेजारी ठेवला होता आणि स्वतः काकूंच्या जागेवर झोपत होते. चूल पेटलेली दिसायची नाही. त्यांच्या बहिणीने पाठवलेला डबा तसाच झाकलेला असायचा. घर बारीक धुळीने भरलं होतं. काका पलंगावरून क्वचितच उठत होते.

“काका, त्या काकू नाहीत,” मी एकदा न राहवून म्हणाले. “तुम्ही सगळ्या रेषा बघितल्या आहेत. काकू जिवंत असतानाही ती रेषा वेगळी होती.”

“मला माहीत आहे.”

“मग बंद करा ना ते.”

ते पडद्याकडे बघत राहिले.

“इतकी वर्षं मी त्या श्वासाशेजारी झोपलो,” ते म्हणाले. “तिचा नाही, मान्य. पण तसा घेणारं दुसरं कोण आहे आता?”

मी डबा गरम करून ठेवला आणि निघाले.

पुढच्या खेपेला मी वायरमनला सोबत नेलं. दार नुसतं लोटलेलं होतं. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते, इतके बारीक झाले होते की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटतच नव्हतं.

पडद्यावर दोन रेषा होत्या. दोन्ही तंतोतंत एकसारख्या. दोन्ही एकाच जागी अडखळत होत्या.

“यातली काकांची कुठली?” वायरमनने हळूच विचारलं.

मला सांगता येईना.

मी तार उपटली. काका वळले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “आता मी श्वास कशावरून घेऊ?”

त्याच संध्याकाळी त्यांची बहीण येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. तिथे ते फार दिवस जगले नाहीत. आजार काहीच नव्हता, असं ती मला फोनवर म्हणाली. खायचे थोडंफार, बोलावलं तर बघायचे. “पण श्वास घेताना मध्येच थांबायचा हो दादा. कुणी पुढे जाईल म्हणून वाट बघत असल्यासारखा. एक दिवस थांबला तो थांबलाच.”

क्लब आपोआप बंद पडला. कुणी काही ठरवलं नाही. पुढच्या रविवारी वायरमन आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले नाही. वाचनालयवाल्यांनी खोली परत मागितली तेव्हा सामान भंगारात गेलं. रडार मी स्वतः हातोडीने फोडला.

इंटरनेटवरचा प्रोग्रॅमही काढून टाकला. पण आम्ही तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, आणि लोकांनी घेतला होता. कुठे कुठे गेला, कुणी कुठल्या खोलीत लावला, हे शोधायचा काही मार्ग नाही.

काल एका अनोळखी माणसाचा निरोप आला. त्याने जुन्या प्रतीवरून माझा पत्ता शोधून काढला होता. फार अदबीने लिहिलं होतं. यंत्र उत्तम चालतं, आमचे उपकार कसे मानावेत कळत नाही. आई अंथरुणाला खिळली आहे, तिला पडद्याचा मोठा आधार वाटतो. अडचण एकच, अगदी किरकोळ. आई खोलीत एकटी असली तरी दोन रेषा येतात. एक बंद करायची काही सोय आहे का?

कारण आई दिवसभर त्या दुसऱ्या रेषेकडेच बघत असते, त्याने लिहिलं होतं, आणि तिच्याबरोबरीने श्वास घ्यायचा प्रयत्न करते. सध्या ती रेषा फार सावकाश चालते.