खुडलेली टोकं

हे घडलं त्या दिवशी देवमन कुऱ्हाडीला धार लावून आणायला निघाला होता. काम साधंच. कामरगावच्या बाजारगल्लीत लोहाराची भट्टी. जायचं, धार लावून घ्यायची, ऊन चढायच्या आत परत यायचं. एकाहत्तर सालचा मे महिना. दहा वाजताच रस्ता तव्यासारखा तापलेला. आणि त्या साली डोळ्यांची साथ अशी आली होती की पांढऱ्या डोळ्याचं माणूस गावात औषधाला मिळत नव्हतं. लोहारही एक डोळा मिटून, दुसऱ्यातलं पाणी बाहीला पुसत धार लावत होता.

"कायचं झाड तोडतं बे?"

"सारेच. घरामागचे."

"इंद्रभानचे?" लोहाराचा हात थांबला. "बाप मरून वरीस झालं आत्ता."

"मंग? आता त्याईले फळं लागणार हायेत काय?"

लोहारानं मान खाली घालून पुन्हा धार धरली. देवमनपुढे गावातली मोठी माणसं असाच विषय सोडून देत. कॉलेज सोडून आलेलं पोरगं, त्यांच्या लेखी वाया गेलेलं. कुऱ्हाड हातात देताना तो एवढंच म्हणाला, "डोळे आले तुले बी. पट्टी बांधून पड."

देवमनचा बाप इंद्रभान कलमं बांधायचा. तरुणपणी एका रोपवाटिकेत चौकीदार होता. झाडाला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून नुसतं पाहून शिकला. पुढे त्यानं बांधलेला कलमाचा डोळा फुटला नाही असं संत्र्याचं रोप विरळं. शेलूबाजारपर्यंतचे बागायतदार त्याला बोलावणं पाठवत, दिवसभर राबवून घेत आणि चहा मात्र वेगळ्या कपात देत. इंद्रभान तो कप स्वतःच धुऊन कुंपणाला पालथा घालायचा आणि हसायचा. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली, घरातले देव पेटाऱ्यासकट नदीत सोडले. पण मालकापुढे कंबर वाकवायची सवय काही नदीत सोडली नाही. ते हसू देवमनला लहानपणी गोड वाटायचं. अक्कल आल्यावर त्याच हसण्याची त्याला चीड येऊ लागली.

दुसऱ्यांच्या बागेत संत्री, आणि स्वतःच्या घरामागच्या वाडग्यात मात्र या माणसानं भलतीच झाडं लावली. वऱ्हाडच्या उन्हात जी जगत नाहीत, नेमकी तीच. फणस, चकोतरा, कमरख, मामफळ, गुलाबजांब, लिची. कुठून कुठून बी आणायचा, ओल्या फडक्यात काडी गुंडाळून आणायचा. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून, खिळ्यानं अक्षरं ठोकून प्रत्येक झाडाला नावाची पट्टी. त्यात 'लीच्ची' असं चुकीचं लिहिलेलं. सातवं झाड त्याच्या खास जिव्हाळ्याचं. एका मिशनच्या बंगल्यातून आणलेलं. पान वरून हिरवंगार, खालून सोनेरी मखमल. फळ आडवं कापलं की आत चांदणी दिसते म्हणे. म्हणून पट्टीवर 'चांदनी'. ते फळ कोणी पाहिलेलं नव्हतं. इंद्रभाननंही नाही.

उन्हाळ्याच्या दुपारी बापलेकांचा एक खेळ चालायचा. देवमन सात-आठ वर्षांचा असेल. बाप त्याला फणसाखालच्या बाजेवर बसवायचा, डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा आणि झाडांमधून हिंडायचा. मग 'खुट्' असा आवाज यायचा. टोकावरून झाड लगेच कळतं, म्हणून पानाचं टोक नखानं खुडून बाप आपल्या बंडीच्या खिशात टाकायचा आणि उरलेलं पान पोराच्या तळहातावर ठेवायचा.

"ओळख."

पोरानं पान चोळायचं, चुरगाळायचं, हुंगायचं. तोवर बाप कलमाचा चाकू उघडायचा-मिटायचा. टक्... टक्... टक्... दहा वेळा चाकू वाजायच्या आत नाव सांगायचं.

"चुकला त माह्यासंगं यायचं."

ही शिक्षा. बापासंगं जायचं म्हणजे पाण्यानं भरलेली छागल खांद्याला अडकवून, कलमाच्या पेटीमागे, उन्हातान्हात बागेबागेनं चालायचं. कॅनव्हासची ती ओली पिशवी पाठीला थंडगार लागायची. रस्त्यात बाप बोरं द्यायचा, झाडांच्या गोष्टी सांगायचा. खरं सांगायचं तर देवमन कितीदा तरी मुद्दाम चुकायचा. बापालाही ते ठाऊक असावं. रात्री बंडी धुवायला घेतली की माय, गंगू, खिसा उलटा करून ओरडायची, "खिशात चारा भरून आनता काय हो? ढोरं हायेत काय घरात?" आणि बापलेक एकमेकांकडे बघून हसायचे.

ते दिवस गोड होते. पण त्याच खेळानं पोराचा घात केला.

देवमन शेतकीच्या कॉलेजात गेला. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत टेबलावर दहा पानं मांडलेली. ओळखा आणि नाव लिहा. पोरानं पहिलं पान उचललं, चुरगाळलं आणि नाकाला लावलं.

"जनावर आहेस का रे?" परीक्षक गरजले. "नमुना खराब केलास! कुठल्या गावाहून येतात ही!"

दहाच्या दहा नावं देवमननं तोंडी सांगितली. पुस्तकातली नव्हे, बापानं शिकवलेली. वर्ग हसला. त्यानं पेपर तिथंच फाडला आणि पुढची एसटी धरून घरी आला.

बाप आपली बाजू घेईल असं त्याला वाटलं होतं. इंद्रभाननं त्याच्या थोबाडीत दिली. "उद्या जाय. सायबाचे पाय धर."

"तू धर! तुले सवय हाये!"

त्याच संध्याकाळी देवमननं कोयत्यानं चांदणीचं झाड बुडापासून तोडलं. बाप दारात उभा होता. अडवायला पुढे आला नाही. मायनं ती लाकडं चुलीत घातली. त्यानंतर बापलेक एका घरात राहिले, पण बोलले नाहीत. आणि वैशाखात एका दुपारी इंद्रभान शेलूबाजारच्या रस्त्यावर मेलेला सापडला. ऊन लागून. कलमाची पेटी उशाशी. छागल घरी खुंटीवर, कोरडी. ती घ्यायला संगं कोणी नव्हतं.

गंगूनं तो चाकू त्याच्या सरणावर ठेवला.

वर्षभरानं जानरावकाका, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, म्हणाला, वाडग्यात पिठाची चक्की टाकू, झाडं कायले पाह्यजेत? देवमन म्हणाला, तोडा. उद्या सकाळी तांड्यावरचा लाकूडतोड्या हेमला येणार होता. कुऱ्हाड त्यासाठीच.

तो घरी पोचला तेव्हा डोळे निखाऱ्यासारखे झाले होते. माय आत पडून होती, डोळ्यांवर भिजवलेल्या धन्यांच्या पाण्याची पट्टी. शेजारच्या घरात काकाही तसाच. सारं गाव डोळे बांधून आडवं झालेलं, जणू आंधळी कोशिंबीर चालली होती आणि पळणारं तेवढं कोणी नव्हतं.

"देवमन्या, पट्टी भिजवून ठेवली हाये," माय आतून म्हणाली. "बांध अन् पड."

त्यानं पट्टी बांधली. कुऱ्हाड पायाशी टेकवली आणि फणसाखालच्या बाजेवर बसला.

दुपार झाली. रहाट थांबला. कुठंतरी होला घुमत होता, तोही थांबला. वाऱ्याची एक झुळूक नाही. आणि तरीही मागे पाचोळा वाजला. सावकाश. कोणीतरी पाय उचलून नव्हे, घासत चालतं तसा.

खुट्.

देवमननं मान वळवली. "माय?"

माय आत खोकली. लांबून, घरातून.

त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं गेलं. गार, जाड, कडक. पान होतं. बोटांनी ते त्याला न विचारताच चोळलं, आणि तोंडातून आपोआप निघालं, "फणस."

खुट्.

दुसरं पान. देठाशी जोडपान. चुरगाळताच आंबट वास. "चकोतरा..." पट्टी काढावी असं मनात येत होतं, पण हात उठत नव्हता. आणि खरं म्हणजे त्याला काढायची नव्हती. कारण आणखी एक वास येत होता. मेण आणि राळ. कलमाच्या मेणाचा. बापाच्या बोटांना तो बारा महिने असायचा.

तिसरं छोट्या छोट्या पानांचं, हात लागताच मिटलं. कमरख. चौथ्याची उग्र दुर्गंधी. मामफळ. पाचवं कन्हेरीसारखं लांब, गुलाबजांब. सहाव्याला त्यानं नाव दिलं तेव्हा त्याचा आवाज आठ वर्षांच्या पोराचा झाला होता. "लिची..."

वाडग्यात झाडं सहाच होती. खेळ संपला असं त्याला वाटलं.

खुट्.

सातवं पान तळहातावर आलं. त्यानं ते वरून चाचपलं. गुळगुळीत. हुंगलं. वासच नाही. हे कोणतं?

टक्...

बाजेच्या उजव्या अंगाला. अगदी जवळ. टक्... टक्...

तो चाकू सरणावर जळाला होता. राखेतून त्याचं वाकडं झालेलं पातं देवमननंच वेचलं होतं.

टक्... टक्... टक्...

चुकला त माह्यासंगं यायचं... हे कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. लहानपणी त्या वाक्याचा अर्थ एक होता. आता बाप जिथं आहे तिथं... टक्... टक्... त्यानं घाबरून पान उलटं केलं. अंगठा खालच्या बाजूवरून फिरला.

मखमल.

टक्...

"चांदणी!" तो ओरडला. "बा... चांदणी..."

दहावा टक् वाजला नाही. त्याच्या कानाशी कोणीतरी श्वास सोडला. राग नव्हता त्यात. पोरगं या खेपेला मुद्दाम चुकेल अशी वाट पाहून कोणी हिरमुसावं, तसा तो श्वास होता. मग पाचोळा वाजत वाजत दूर गेला.

देवमननं पट्टी ओरबाडली. उन्हानं डोळे फुटतात की काय असं झालं. मांडीवर सात पानं. ताजी, देठाला चीक ओला, आणि प्रत्येकाचं टोक नखानं खुडलेलं. सातव्याची खालची बाजू सोन्यासारखी चमकत होती. कोपऱ्यात चांदणीचं खोड होतं तिथं वाळकं बुड, आणि त्यावर मुंग्यांचं वारूळ.

तो धडपडत घरात गेला. माय तशीच पडून होती. खुंटीवर बापाची बंडी, वर्षभर तिला कोणी हात लावलेला नव्हता. त्यानं खिशात बोटं घातली.

टोकं होती. हिरवी, ओली.

जमिनीवर बसून त्यानं एकेक टोक एकेका पानाला जोडून पाहिलं. फणसाचं फणसाला बसलं, चांदणीचं चांदणीला. सात पानांना सात टोकं. आणि हातात एक उरलं. आठवं. लांब, दोऱ्यासारखं निमुळतं, खालून किंचित तांबडं. असं पान त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"काय पाह्यतं रे?" माय पट्टीखालून म्हणाली. "बंडीत चारा हाये काय?"

देवमननं ते टोक मुठीत मिटलं.

सकाळी हेमला आला. त्याचेही डोळे लाल. "मले त झाड कोनतं अन् भीत कोनती ते दिसून नाही राह्यलं बाप्पा," तो म्हणाला. "कोठी मारू?"

"कोठीच नाही. घरी जाय."

जानरावकाका पट्टी वर सरकवून भडकला. "अबे, कालच त हो म्हनलं तुनं! बापासारखा येडा झाला काय?"

"तो येडा होता, तुमी शायने होता," देवमन म्हणाला. "मंग त्याच्यासंगं छागल घेऊन तुमी काहून नाही गेले, काका? मी नव्हतो गेलो. तुमी त भाऊ होते."

काकानं पट्टी पुन्हा डोळ्यांवर ओढली. चक्की पुढे त्यानं स्टँडजवळ टाकली.

या गोष्टीला सात उन्हाळे झाले. देवमन आता बापाचीच कलमाची पेटी घेऊन हिंडतो. चहा वेगळ्या कपात आला तर तो कप तिथंच उलटा करून उठतो. ते आठवं टोक त्यानं काडेपेटीत ठेवलं आहे. एकदा तो त्याच कॉलेजात, त्याच परीक्षकांकडे गेला होता. त्यांनी भिंग लावलं, दोन पुस्तकं चाळली आणि म्हणाले, "नमुना अपुरा आहे. बाकीचं पान आण."

"आनतो, सर," तो म्हणाला. "आलं की."

ओळखायचा एक मार्ग त्याला येतो. चुरगाळायचं आणि हुंगायचं. पण तो चुरगाळत नाही. चुरगाळलं आणि नाव नाही आलं, तर?

मे महिना लागला की तो रोज सकाळी छागल भरून बंडीशेजारी खुंटीवर अडकवतो. दुपारी डोळ्यांवर दुपट्टा बांधतो, फणसाखाली बसतो आणि तळहात पुढे करतो. गंगू आता थकली आहे. दारातून विचारते, "छागल कायले भरतं रे रोज? जायचं कोठी हाये तुले?"

तो दुपट्ट्याची गाठ आवळतो. काही दुपारी त्याला वाटतं, आलं तर नीट ओळखावं. काही दुपारी वाटतं, मुद्दाम चुकावं.

सात वर्षं काडेपेटीत आहे ते टोक. अजून हिरवं आहे. आणि खुडल्या जागी बोट लावलं, की बोटाला चीक लागतो.