पिवळा दिवा आणि रुतलेलं चाक

“चिंबोऱ्या पकडायला कुणी बूट घालून येतं का?” सुकीने नितीनच्या पायांकडे बघत विचारलं.

“आणि पायाला चावल्या तर?”

“तू त्यांना पकडायला निघालायस की त्या तुला?”

हर्षदा खो खो हसली. २०१८ ची दिवाळीची सुट्टी होती. हर्षदा आणि तिचा धाकटा भाऊ नितीन पप्पांच्या नव्याकोऱ्या गाडीतून डहाणूहून आले होते, तलासरीच्या पलीकडच्या पाड्यावर, पप्पांचे मित्र काकड्याकाका यांच्याकडे. काकांची सुकी हर्षदासारखीच आठवीत होती. सुकीचा भाऊ तुक्या यंदाच पहिलीत गेला होता.

टोपली घेऊन तिघं खेकडे धरायला ओढ्याकडे वळले आणि शेतातून किंकाळी आली.

“तुक्या!” सुकीने टोपली टाकली आणि ती धावत सुटली.

कापलेल्या भाताचे भारे शेतात पडले होते. तुक्या त्यातला एक उचलायला गेला होता. खाली घोणस होती. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर दोन लाल ठिपके होते आणि बोटं डोळ्यांदेखत सुजत होती.

“काका, त्याचा हात हलू देऊ नका!” हर्षदा ओरडली. शाळेत हे शिकवलं होतं. “दवाखान्यात न्यायला हवं, लगेच!”

पाड्यावर फोनला रेंज नव्हती. पण गाडी होती! पप्पा चावी घेऊन धावले. काकांनी तुक्याला मांडीवर घेतलं. सुकी आणि हर्षदा त्यांच्या शेजारी दाटीवाटीने बसल्या. नितीन पुढे बसला.

“सुनीलकाका, वरच्या वाटेने चला,” सुकी पप्पांना म्हणाली. “काल अवकाळी पाऊस पडलाय. खालची वाट ओली आहे.”

“वरची लांब पडते. आणि अगं, ही साधी गाडी नाही! हिला ट्रॅक्शन कंट्रोल आहे. चाक घसरायला लागलं की गाडी स्वतःच सांभाळते. शोरूमवाल्याने सांगितलंय!”

पप्पांनी गाडी खालच्या वाटेवर घातली. शेताच्या बांधाजवळच्या चढावर ती एकदम तिरकी झाली आणि थांबली. पप्पांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं आणि मध्येच दबल्यासारखं गप्प झालं. पुन्हा दाबला. पुन्हा तेच!

“इंजिन गेलं! नव्या गाडीचं इंजिन गेलं!” पप्पा खाली उतरले आणि फोन उंच धरून टेकाडाकडे पळत सुटले.

मागे तुक्या रडायचा थांबला होता. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

“तो बोलत नाही गं,” सुकी कुजबुजली. “हर्षदा, तो बोलतच नाही.”

हर्षदाला वाटलं, आता काही होणार नाही. रस्ता दूर होता, माणसं दूर होती. तुक्या इथेच, या चिखलात... तिला पुढचा विचार करवेना.

“ताई,” नितीन हळूच म्हणाला. “इंजिन बिघडलेलं नाही. ते दबतं ना, त्याच वेळी हा पिवळा दिवा लुकलुकतो. मी बघितलं.”

दिव्यावर गाडीचं चित्र होतं. तिच्या मागे नागमोडी रेघा होत्या.

“नक्की?”

“दोन्ही वेळा!”

पप्पा हात हलवत परत आले. रेंज मिळाली नव्हती.

“पप्पा, एकदाच परत दाबा! सुकी, तू चाकाकडे बघ!”

सुकी उतरून चिखलात आडवी झाली. पप्पांनी आत बसून ॲक्सिलरेटर दाबला. “डावं चाक फिरतंय! उजवं हलत नाही! आता डावंही थांबलं... आतून कटकट वाजतंय!”

“दिवा लुकलुकला!” नितीन ओरडला.

हर्षदाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. “पप्पा, ही गाडीच स्वतःला अडवतेय! चाक नुसतं गरगरलं की तिला वाटतं, आपण घसरतोय. मग ती त्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनचा जोर कमी करते. ओल्या हायवेवर ते बरोबर आहे. पण इथे जोरच राहिला नाही तर वर चढणार कशी? हे बंद करायला हवं!”

“मुळीच नाही! ते बटण कधी दाबायचं नाही, असं सांगितलंय मला! सगळे खाली उतरा आणि ढकला!”

वाद घालायला वेळ नव्हता. हर्षदाने नितीनकडे बघितलं. स्टिअरिंगच्या बाजूला त्याच चित्राचं बटण होतं. पप्पा मागे वळून काकांना काही सांगत होते, तेवढ्यात नितीनने ते दाबून धरलं. दिवा पेटून तसाच राहिला. पप्पांना तो दिसू नये म्हणून नितीनने त्यावर आपला रुमाल टाकला.

“दाबा पप्पा!”

इंजिन गर्जलं! या वेळी ते दबलं नाही. चाक भिंगरीसारखं फिरलं, चिखल उडाला... आणि गाडी आणखी खोल रुतली.

हर्षदाला वाटलं, आपणच शेवटची संधी घालवली. सुकी चिखलात तशीच बसून राहिली.

“जोर आहे,” हर्षदा रडत म्हणाली. “पण चाकाला धरायलाच काही नाही.”

काकड्याकाकांनी हे ऐकलं. त्यांनी तुक्याला हलकेच हर्षदाच्या मांडीवर दिलं आणि शेतात धाव घेतली. दाण्यांनी भरलेला भाताचा भारा त्यांनी उचलला आणि चाकाखाली कोंबला.

“बाबा, तो आपला भात!” सुकी म्हणाली.

“आण! सगळे आण!”

मग सुकीही धावली, नितीनही धावला. त्यांनी भाऱ्यांवर भारे टाकले. पप्पांनी हळूहळू ॲक्सिलरेटर दाबला. चाकाखाली पिकलेले दाणे करकरले, गाडी थरथरली, एक धक्का बसला आणि ती वर चढली!

डांबरी रस्ता लागताच नितीनने रुमाल काढला. “पप्पा, मीच बंद केलं होतं. आता चालू करतो. चाकांना चिखल आहे, घसरायला नको.”

पप्पांनी मान हलवली आणि वेग वाढवला.

दवाखान्यात तुक्याला सर्पदंशाचं औषध सुरू झालं आणि मग मोठ्या इस्पितळात हलवलं. तो वाचला. पण घोणसीच्या विषाने त्याची बोटं काळी पडत गेली आणि त्यातली दोन डॉक्टरांना काढावी लागली.

दिवाळी संपता संपता सगळे त्याला भेटायला जमले. “या मुलांनी डोकं चालवलं नसतं तर हा इथवर पोचलाच नसता,” डॉक्टर म्हणाल्या. तुक्याच्या आजीने, बुधीबाईंनी, तिघांच्या गालांवरून हात फिरवला. पप्पा सर्वांसमोर म्हणाले, “गाडी मी रुतवली. बाहेर पोरांनी काढली.”

“थोडं आधी आलो असतो तर?” सुकीने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तर कदाचित बोटं राहिली असती, बाळा.”

पप्पांनी मान खाली घातली. हर्षदाला ते सगळं कौतुक नकोसं झालं.

तुक्याने डोळे उघडून पाणी मागितलं. नितीनने पेला पुढे केला. तुक्याने सवयीने उजवा हात उचलला, बँडेजकडे बघितलं आणि हात पुन्हा खाली ठेवला. सुकीने पेला घेतला आणि त्याच्या ओठांना लावला.