चार हाका, पाच ओ

एक होता थोरला, एक होता धाकटा आणि एक थोरल्याची बायको. आपल्या ओळखीतलं घर, म्हणून नावं नकोत.

थोरल्याला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, बोट तेवढं एक हलायचं. उशाशी कॉम्प्युटर असायचा, त्यावरून तो खाली धाकट्याच्या कॉम्प्युटरला ‘पिंग’ करायचा. पिंग म्हणजे हाकच की! एका दमात चार जातात, समोरचं यंत्र चारदा ओ देतं. खाली टिंग वाजलं की धाकट्याने वर जायचं.

धाकटा कंटाळला. एका संध्याकाळी त्याने टिंग बंद केलं, ओ देणंही बंद केलं. त्या रात्री वहिनी धुलाईखान्यात पाळीवर होती.

सकाळी तिने विचारलं, "भाऊजी, हाक नाही आली?"

"आली असती तर गेलो नसतो का, वहिनी?"

थोरला केव्हाच थंड पडला होता. बोट बटणावरच. पडद्यावर ओ न मिळालेल्या हाकांच्या ओळी; वहिनीने त्या वाचल्या.

त्याचा कॉम्प्युटर भंगारात गेला. आता घर विकायचं आणि वहिनीलाही बाहेर काढायचं. मंगळवारी रात्री पावणेनऊला धाकटा घरविक्रीचे कागद पाठवायला बसला. मुदत नऊची. कागद जाईनात. त्याने दोस्ताला फोन लावला.

"आधी राउटरला पिंग कर."

केलं. ओळी उमटल्या. ‘उत्तर: थोरला.’

"अरे, ही भलत्याचीच ओ येतेय."

"कुणाची?"

"...भंगारात घातलेल्याची."

"हात् लेका! जुनं नाव अडकलं असेल. वरची वायर बघ."

तो वर गेला. वायर भिंतीला लोंबत होती. टोक मोकळं.

खाली आला. राउटरच बंद केला. पुन्हा पिंग.

एक. दोन. तीन. चार.

...पाच.

हाका तर चारच गेल्या होत्या.

"दा..."

तोंड वाकडं झालं. शब्द... नाहीच. फोनमध्ये दोस्त हॅलो हॅलो करत राहिला. नऊ वाजून गेले.

गिऱ्हाईक फिरलं. घर वहिनीचं राहिलं. तिने धाकट्याला थोरल्याच्याच खाटेवर निजवलं, धाकट्याचाच कॉम्प्युटर त्याच्या उशाशी दिला आणि खाली स्वतःला नवा आणला. याचंही बोट एकच हलतं. हाका जातात. खालचं यंत्र गप्प.

"काय करू, भाऊजी?" पांघरूण नीट करत ती म्हणते. "ओ देणं सुरू कसं करतात, मला अडाणीला काय कळतंय? बंद करायची विद्या तुमची."

इतक्या वर्षांनी त्या बाईला गाढ झोप लागते. घर तिचं, दार तिचं, किल्ली तिच्या कमरेला. भलं झालं तिचं.

फक्त पहाटे चादर बदलायला गेली की पडद्यावर चार हाका दिसतात, ओ न मिळालेल्या. आणि खाली पाचवी ओळ.

उत्तर: थोरला.