टेपचं दुसरं टोक

माझं काम जुन्या इमारती मोजण्याचं. जे टेपने मोजता येत नाही त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केली आहे. आता तुम्ही माझी करा. पण हे घडलं, आणि माझ्याच बाबतीत घडलं.

१३ ऑगस्ट २००३. बुधवार. भर दुपार.

गाव इगतपुरीजवळचं. नाव सांगणार नाही, उगाच कुणी शोधत जाईल.

तिथे एक लाकडी चर्च होतं. जेमतेम पन्नास माणसं बसतील एवढंच. शंभर वर्षांपूर्वी रेल्वेच्या सुतारांनी डबे बांधायच्या पद्धतीने बांधलेलं. सगळं सागवान. खाचेत खाच बसवलेली, एकही खिळा नाही. मी तर प्रेमातच पडले होते.

पण काही मंडळींना ते पाडून सिमेंटचा हॉल हवा होता. चर्च वाचवायचं तर आमचा अहवाल त्याच संध्याकाळी सहापर्यंत नाशिकच्या ऑफिसात पोचायला हवा होता.

अहवाल तयार होता. फक्त आतली लांबी भरायची राहिली होती. माझा सहकारी ललित जीप घेऊन कॅमेऱ्याचा रोल आणायला गेला. त्याची वाट न बघता मी एकटीच आत शिरले.

आमची कामाची पद्धत ठरलेली. एकाने टेपचं टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. मी टोक वेदीपाशी ठेवलं, टेप सोडत दारापर्यंत आले आणि सवयीने ओरडले, "शून्यावर धर रे!"

टेप ताणली गेली.

चौतीस फूट दोन इंच. लिहून घेतलं.

आणि मग आठवलं... ललित तर गेला होता.

मान वर केली. वेदीपाशी कुणीच नव्हतं. टेप मात्र ताठ होती... जमिनीपासून हातभर वर.

मग ती सैल पडली.

फळ्यांवर पावलं वाजली... अनवाणी. माझ्याकडे आली. माझ्या अंगाला घासून दाराबाहेर गेली.

मी हलायच्या आत दार लागलं.

चर्चची राखण गोटीराम काका करायचे. जेवायला घरी जाताना ते कुलूप लावत. पण त्याआधी तीनदा विचारायची त्यांची रीत होती.

"आत कुणी ऱ्हायलं का?"

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

"आत कुणी ऱ्हायलं का?"

तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा उत्तर आलं... बाहेरून. माझ्या आवाजात.

"कुणी नाही काका. मीच होते, आले बाहेर. लावा कुलूप."

कुलूप लागलं.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. तळवे सोलपटले, पण दार वाजत नव्हतं. खिडक्या उंचावर, त्यांना गज. फळ्या ओढून पाहिल्या, लाथा मारल्या. शंभर वर्षं न हललेल्या खाचा त्या, माझ्यासाठी कशाला हलतील? सकाळी त्यांचंच मी तोंडभरून कौतुक केलं होतं.

तीन वाजले. चार वाजले. माझ्या डोळ्यांसमोर चर्च हातचं जात होतं, आणि मी त्याच्याच पोटात अडकले होते. मी ढसाढसा रडले... पण रडण्याचाही आवाज येत नव्हता.

साडेचारला बाहेर ललितचा आवाज आला. "काका, शुभांगी कुठाय?"

"ताई कवाच गेल्या की. अनवाणीच. म्हटलं चपला तरी घाला, तर वळून बी पाह्यलं नाय."

मी टेप दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवली. एक फूट... दोन फूट...

"काका, कुलूप काढा! आधी कुलूप काढा!" ललित ओरडला.

दार उघडलं आणि माझी किंकाळी फुटली. ती अख्ख्या गावाने ऐकली.

ललितने जीप कशी हाकली ते त्यालाच ठाऊक. सहाला पाच मिनिटं कमी असताना मी नाशिकच्या ऑफिसात आमच्या सरांच्या टेबलावर अहवाल ठेवला.

सर हसले. "आता हे काय? मघाशीच तर देऊन गेलीस."

टेबलावर एक ओला कागद होता. अक्षर माझं. सही माझी.

"जतन करण्याजोगे काही नाही. पाडण्यास हरकत नसावी."

मी शपथा घेतल्या. ललितनेही सांगून पाहिलं. सर म्हणाले, "मी या डोळ्यांनी तुला बघितलंय. दमली आहेस, घरी जा." त्या कागदाची प्रत पुढे गेलीसुद्धा होती.

दिवाळीआधी चर्च पाडलं. मी गेले तेव्हा गोटीराम काका रिकाम्या जोत्यावर बसले होते.

"बापानं शिकवलं व्हतं, इचारल्याबिगर कुलूप लावायचं नाय," ते म्हणाले. "कुणासाठी इचारायचं, ते नाय सांगितलं. आता ते कुठं ऱ्हाणार, ताई?"

मी त्यांच्याशेजारी जोत्यावर बसले.

२००९ साली येवल्याहून एक फोन आला. अनोळखी माणूस. "मॅडम, तुमच्या सांगण्यावरून आमची जुनी लाकडी माडी पाडली. आता घरातले लय बोलतात मला. खरं सांगा, तुम्ही नीट पाह्यली होती ना?"

मी येवल्याला कधी गेलेच नव्हते.

तो बिचारा उत्तराची वाट बघत होता. मी फोन ठेवून दिला.

आता कुठे जुनं काही पाडलं असं कळलं, की वाईट वाटतं. पण कुणाच्या सांगण्यावरून पाडलं... ते मी विचारत नाही.